कोणत्याही क्रमाने

गिरड,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोहिनी,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनच केला असता, पण आपल्याकडे फोन म्हणजे चौकातली सभा. आई स्पीकर लावतात, तुझा दादा मध्येच कापसाचं सांगतो आणि मला विचारायचं ते राहून जातं. शिवाय हा प्रश्न तुला कागद पुढे ठेवूनच वाचावा लागेल.

जानेवारीपासून मी समुद्रपूरच्या संस्थेत जाऊ लागले हे तुला माहीत आहेच. डायलिसिसच्या पेशंटना वर्ध्याला नेण्या-आणण्यासाठी संस्थेला एक गाडी मिळाली आहे. तिचं वेळापत्रक माझ्याकडे आहे. ओमप्रकाश ती चालवतो. सोमवारी आणि गुरुवारी तो अंधारात समुद्रपूरहून निघतो, आधी गिरडकडची माणसं घेतो, परत समुद्रपूरला येतो, मग नंदोरीकडची घेतो, पुन्हा समुद्रपूर, आणि मग जामवरून वर्धा. जे आधी बसतात त्यांचा जीव गाडीतच जातो. संध्याकाळी सुया काढून थकलेली माणसं, आणि पुन्हा तेच. गिरडकडच्या एक बाई तर सकाळी सगळ्यात आधी चढतात आणि रात्र पडता पडता सगळ्यात शेवटी उतरतात.

आमचे सचिव हेमराजभाऊ मीटिंगमध्ये म्हणाले, आजकाल कंप्युटर सगळ्यात चांगला रस्ता काढून देतो. मी छाती पुढे काढून सांगितलं, माझी नणंद चेन्नईत ह्याच्यावरच पीएचडी करते! तेव्हा आता माझी लाज राख. मागच्या पानावर रस्ते काढलेत, कुठून कुठे किती वेळ लागतो तेही लिहिलंय. पेशंट बदलत राहतात, तेव्हा दर वेळी चांगल्यात चांगला क्रम निघेल असं काहीतरी करून दे.

तुझी,
रक्षावहिनी

*

चेन्नई,
१८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा होस्टेलच्या वॉचमनलासुद्धा नवल वाटलं. अक्षर तेच, लग्नातल्या यादीवरचं.

पण उत्तर तुला आवडणार नाही. आमच्या विषयात दोन प्रकारची कामं चालतात. एक म्हणजे एखादा प्रश्न सोडवायची चांगली रीत शोधायची. तिलाच अल्गोरिदम म्हणतात. दुसरं काम उलटं: कितीही हुशार माणूस आला तरी ह्यापेक्षा जलद रीत निघणार नाही, हे दाखवायचं. तुझा गाडीचा प्रश्न आमच्याकडे फार जुना आणि बदनाम आहे. गावं वाढत गेली की त्यांचे क्रम इतके वाढतात की जगातले सगळे कंप्युटर जुंपले तरी एकेक तपासून होणार नाहीत. आणि सगळे क्रम न तपासता, झटपट आणि खात्रीनं सगळ्यात चांगला क्रम काढायची रीत कोणालाच सापडलेली नाही. ती सापडली तर असेच हजारो दुसरे प्रश्नही सुटतील, हे सिद्ध झालंय. म्हणूनच बहुतेकांना वाटतं की ती रीत नाहीच.

मी स्वतः इथे आले ती अशीच एक रीत शोधायला. दुसऱ्याच एका प्रश्नामागे इतका काळ घालवला, आणि ह्या जानेवारीत माझ्याच हातून सिद्ध झालं की तोही ह्याच जातीचा आहे. दार बंद. तेव्हा तू त्यात वेळ घालवू नकोस, हे मी अनुभवानं सांगते.

आईचा आवाज गेल्या वेळी बसलेला वाटला. थंडी आहे का अजून?

मोहिनी

*

गिरड,
३ मार्च

प्रिय मोहिनी,

तुझं पत्र मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. हेमराजभाऊ म्हणाले, "पीएचडीवालीच नाही म्हणते, तर आपण कशाले डोकं लावाचं? चाललं तसं चालू द्या." मग एक सदस्य म्हणाले, गिरडकडची फेरी फार लांब पडते, ती बंदच करावी का? ते पुढच्या मीटिंगवर गेलं.

आई बऱ्या आहेत. थंडी संपली.

रक्षा

*

चेन्नई,
१२ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र चार ओळींचं. तू रागावलीस की चार ओळींचंच बोलतेस. मी ते दोनदा वाचलं आणि मग तुझं पहिलं पत्र काढून मागचं पान पाहिलं. खरं सांगायचं तर तेव्हा ते मी नीट पाहिलंच नव्हतं. प्रश्न ऐकला, त्याचं नाव ओळखलं आणि उत्तर देऊन मोकळी झाले.

मी "रीत नाही" म्हणाले ते कितीही गावं, कसेही रस्ते असले तरी चालेल अशा रीतीबद्दल. ओमप्रकाशची गावं हाताच्या बोटांवर मोजावी एवढी! त्यांचे सगळे क्रम माझा साधा लॅपटॉप चहा उकळायच्या आत तपासतो. तपासले. सगळ्यांचा मिळून गाडीतला वेळ सगळ्यात कमी हवा असेल तर आधी नंदोरीकडे जायचं, मग गिरडकडे. संध्याकाळीही आधी गिरडकडच्यांना सोडायचं. कागद सोबत आहे. तुझ्या त्या गिरडकडच्या बाईंचा बराच वेळ वाचेल.

हेमराजभाऊंना सांग, पीएचडीवाली चुकली होती.

दुसरं कोणाला सांगू नकोस, पण मी सध्या नोकऱ्यांच्या जाहिराती पाहते आहे. "हे होत नाही" एवढंच सांगणारा प्रबंध कोण वाचणार? आईला ह्यातलं काही कळू देऊ नकोस. ती म्हणेल, एवढी वर्षं तिकडे काय केलं.

मोहिनी

*

गिरड,
५ एप्रिल

मोहिनी,

हे पत्र टपालात टाकत नाही. फोटो काढून पाठवते, आजच वाच. फोनवर मला बोलता येणार नाही, रडू येईल आणि पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल.

गिरडकडच्या त्या बाई म्हणजे आपल्या आई.

डिसेंबरमध्ये पायांवर सूज आली, तपासण्या झाल्या, दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा मशीनवर आहेत. मला त्यांनी तुझी शपथ घातली होती. "पोरीचं शेवटचं वर्ष आहे, तिले बोलावू नको." तुझा दादाही गप्प बसला. मी ह्या संस्थेत गेले ते त्यांच्यामुळेच. आणि तुझं ते "दार बंद" मी त्यांच्या खाटेशेजारी बसून वाचलं. तुला माहीत नव्हतं, तुझा दोष नाही. पण त्या दिवशी मला तुझा फार राग आला.

तुझा नवा क्रम लावला. आईंचा वेळ खरंच कमी झाला. पण आता नंदोरीकडच्या कौशल्याबाई आधी बसतात. त्यांना गाडी लागते. गाडी गिरडला येईपर्यंत त्यांना दोन-तीनदा उलटी होते. आई गाडीत चढतात तेव्हा त्या मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेल्या असतात. ह्या सोमवारी आई घरी आल्या आणि म्हणाल्या, "त्या बाईले माह्या पायी काऊन तरास? नाई जात आता म्या."

मी समजावलं. तुझ्या दादानं रागावून पाहिलं. गुरुवारी त्यांना कशीबशी भाड्याच्या गाडीत घालून नेलं. पण येताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, सोमवारी कोणी हात लावायचा नाही. डॉक्टर म्हणतात, दोन-तीन वेळा चुकलं तर पाणी छातीत भरेल. ह्या काही रागावलेल्या नाहीत, मोहिनी. शांतपणे सांगतात. त्याचीच मला भीती वाटते.

तू ये.

रक्षावहिनी

*

चेन्नई,
२७ एप्रिल

प्रिय वहिनी,

काल पोचले. स्टेशनवरून सरळ कामाच्या खोलीत आले आणि आज दुपारपर्यंत तिथेच होते. आता तुला सगळं सावकाश लिहिते, कारण घरी असताना मला खात्री नव्हती आणि खात्रीशिवाय पुन्हा तुला काही सांगायचं नव्हतं.

त्या सोमवारी मी आईबरोबर गाडीत बसले तेव्हा तू ऑफिसात होतीस. तिला गाडीत बसवायला मला फार बोलावं लागलं नाही. मी एवढंच म्हटलं, "मी पण येते, मला ओमप्रकाशचा रस्ता पाहायचाय." माझ्या अभ्यासाचं काम म्हटल्यावर ती उठली. वाटेत मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून तू काय करून राह्यली असती? तिथलं सोडून इथं बसली असती."

"बसले असते."

"म्हून नाई सांगतलं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. हात मात्र माझ्या हातात होता. ज्या हातात सुया टोचतात तो नाही, दुसरा.

मग मी ओमप्रकाशला विचारलं, गिरडहून नंदोरीकडे सरळ आडवा रस्ता नाही का? नकाशात दिसतो. तो हसला. "नकाशात आहे जी. नाल्यावरचा पूल कवाचाच खचला. ज्या वाटेनं गेलो, त्याच वाटेनं वापस या लागते." मागून कौशल्याबाई म्हणाल्या, "पूल असता तर माह्या पोटातलं तरी पोटात राह्यलं असतं." गाडीतले सगळे हसले. आईसुद्धा. त्या दोघी चांगल्या मैत्रिणी झाल्यात, हे तू लिहिलं नव्हतंस.

ओमप्रकाशचं ते वाक्य तेव्हापासून आजपर्यंत माझ्या डोक्यात घोळतंय. आता नीट ऐक. समुद्रपूरपासून दोन फाटे निघतात, एक गिरडकडे, एक नंदोरीकडे. दोन्ही आपापल्या टोकाला संपतात. एका फाट्यात गाडी शिरली की त्याच वाटेनं समुद्रपूरला परत यावं लागतं. तेव्हा ज्या फाट्यात आधी जाल, तिथल्या माणसांना दुसऱ्या फाट्याची जायची आणि यायची, अख्खी फेरी गाडीत बसून काढावी लागणार. मधूनच दुसरीकडे वळलात तर आणखीच वेळ जाईल. गाडी एक आणि दोन्हीकडची माणसं एकाच सकाळी हवीत, तर कोणत्याही क्रमाने हे टळत नाही. कंप्युटर कितीही मोठा आणा. आई नाहीतर कौशल्याबाई, कोणीतरी बसणारच. माझा अंदाज आहे असं समजू नकोस. ह्याला पुरावा आहे, आणि तो एका पानात मावतो. सोबत जोडलाय.

फेब्रुवारीतली मी असते तर इथेच पत्र संपवलं असतं. दार बंद, नमस्कार.

पण ह्या वेळी मी तो पुरावा पुन्हा पुन्हा वाचला आणि विचार केला, ह्यात आपण काय काय धरून चाललोय? गाडी एक, ते खरं. रस्ते असे, तेही खरं. "एकाच सकाळी", हे कोणी सांगितलं? सगळ्यांना सोमवार-गुरुवारच का? तूच म्हणाली होतीस, गाडी सुरू झाली तेव्हा सगळ्यांची नावं एकदम गेली म्हणून एकदम तेच वार मिळाले. बाकीचे दिवस गाडी संस्थेच्या आवारात उभी असते. गिरडकडच्यांचे वार तेच ठेवा आणि नंदोरीकडच्यांना दुसरे वार द्या. मग कोणालाच दुसऱ्याची फेरी बसून काढावी लागणार नाही. डिझेल वाढेल, हे खरं. पण दर फेरीत जागाही रिकाम्या राहतील, आणि यादीत थांबलेली माणसं आहेत ना तुमच्याकडे?

हे तुला मीटिंगमध्ये मांडावं लागेल. ते म्हणतील, आधी क्रमच नीट लावून पाहू. तेव्हा तो पुरावा पुढे कर. क्रमात काही मिळणार नाही हे पक्कं झालं की माणसं दुसरीकडे बघायला तयार होतात. मला स्वतःला हे कळायला घरी यावं लागलं.

आईला ह्या सोमवारी तू गाडीपर्यंत सोडायला जा. मी रोज फोन करेन, स्पीकरवर.

मोहिनी

*

गिरड,
८ जून

प्रिय मोहिनी,

पत्राला उशीर झाला, पण अर्धवट बातमी द्यायची नव्हती.

मीटिंगमध्ये अगदी तू म्हणालीस तसंच झालं. हेमराजभाऊ म्हणाले, "वार बदलाची भानगड मोठी आहे. आधी रस्त्याचंच पाहू ना." मी तुझं पान पुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं. मग पेन्सिल घेऊन स्वतःच क्रम लावत बसले. आधी हे गाव, मग ते, मग पुन्हा हे. चहा आला तो थंड झाला. शेवटी पेन्सिल ठेवून म्हणाले, "खरंच नाई होत बाप्पा." आणि लगेच दुसरं वाक्य, "मंग वर्ध्याले फोन लावा." फेब्रुवारीतही तू नाहीच म्हणाली होतीस आणि तेव्हा त्यांनी हात झटकले होते. ह्या वेळी नाही म्हटल्यावर ते कामाला लागले. मला त्याचीच गंमत वाटली.

वर्ध्याच्या युनिटमधल्या रीता सिस्टरांकडे मी स्वतः गेले. नंदोरीकडच्यांसाठी मंगळवार-शुक्रवार मागितले, पण ते त्यांच्याकडे भरलेले होते. त्यांनीच पवनारच्या दोन पेशंटना विचारलं. त्यांना जायला बस कधीही मिळते, म्हणून ते सोमवार-गुरुवारवर यायला तयार झाले. मग अडून बसल्या कौशल्याबाई, आईंचंच नाव घेऊन! "मनकर्णाबाई ज्या दिवशी, त्याच दिवशी मी. एकटी नाई जात." ज्यांच्यासाठी एवढं केलं त्याच नको म्हणायला लागल्या. मी हताश होऊन घरी येऊन आईंना सांगितलं. आईंनी माझ्याच फोनवरून त्यांना फोन लावला. काय बोलल्या ते सगळं ऐकू आलं नाही. एवढं ऐकलं, "गाडीत ओकत ओकत भेटन्यापेक्षा घरी येजो. मी पिठलं करतो तुह्यासाठी." पेशंटनं काय खावं-प्यावं हे मला सांगायचं होतं, पण ते नंतरसाठी ठेवलं.

ह्या महिन्यापासून नवे वार लागले. पहिल्या सोमवारी आईंना उठवायला गेले तर खाटेवर नव्हत्या. पाहते तर पिशवी घेऊन रस्त्यावर उभ्या, ओमप्रकाश यायचा होता. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा अंगणात ऊन होतं. हातपाय धुतले आणि स्वतःहून म्हणाल्या, "आज कोनाले बसून राहा लागलं नाई."

रिकाम्या जागांवर दोन नवे पेशंट आलेत. त्यातली एक मुलगी आहे, अंकिता, कॉलेजात शिकणारी. तिचे वडील आधी तिला मोटरसायकलवर नेत होते.

तू नोकरीच्या जाहिराती पाहत होतीस. त्याचं काय झालं? आईंना मी काही सांगितलेलं नाही.

रक्षावहिनी

*

चेन्नई,
५ जुलै

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी माझ्या मार्गदर्शक बाईंना भाषांतर करून वाचून दाखवलं. हेमराजभाऊंची पेन्सिल त्यांना फार आवडली. मग त्यांनी विचारलं, "मग तुझ्या प्रश्नात तू काय धरून चालली आहेस?"

ह्याचं उत्तर शोधण्यात तीन आठवडे गेले. माझाही प्रश्न वाटांच्या सगळ्या जाळ्यांसाठी अवघड आहे, ते जानेवारीतलं खरंच आहे आणि खरंच राहील. पण जिथे वाटा फाटे फुटत जातात आणि पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत, तिथे एक रीत निघते. जलद निघते. जिथे थोड्याच वाटा पुन्हा एकमेकींना मिळतात तिथेही थोडी ओढाताण करून चालते. आणि अवघड कुठून सुरू होतं, ती सीमा माझ्याच जुन्या पुराव्यातून दिसते. तो पुरावा नसता तर मी अजून सगळीकडेच शोधत बसले असते. आता प्रबंधाचे दोन भाग आहेत: काय होणार नाही, आणि मग काय होईल.

जाहिराती पाहणं थांबवलं. नोव्हेंबरमध्ये तोंडी परीक्षा आहे, सगळ्यांसमोर. हे आईला तूच सांग. पत्रात लिहिलंय म्हण, म्हणजे तिला खरं वाटेल.

मोहिनी

*

गिरड,
१४ ऑगस्ट

चि. मोहिनीले आईचा आशीर्वाद.

रक्षानं तुही चिठ्ठी वाचून दाखवली. मंग म्हटलं, आपणच लिहाव. उजव्या हातात सुया टोचतात, पण डावा चांगला हाय आन् मी डाव्यानंच लिहितो हे तुले माहीत हाय. अक्षराले हसू नको.

तब्येत बरी हाय. पाणी मोजून पेतो, मीठ नाई. कौशल्याबाई दर रविवारी येते. पिठलं रक्षानं बंद केलं, म्हून दोघी नुसत्या बसतो आन् बोलतो. ती आता गाडीत झोपून जाते म्हणे, उलटी नाई काई नाई. गाडीतली अंकिता मले विचारे, तुमची पोरगी काय शिकते? म्या सांगतलं, काय जमत नाई ते पक्कं करते, मंग जे जमते ते शोधते. ती म्हणे, आजी, हे तर डॉक्टरचंच काम झालं. म्या म्हटलं, असंन.

तुले आधी सांगतलं नाई, त्याचा राग सोडून दे. मले वाटलं, तुले तिथून उठवलं तर पुन्हा बसनार नाई तू. तू येऊन पुन्हा जाऊन बसली. मले ते नवल वाटते.

आता कामाचं. नोव्हेंबरात तुही परीक्षा हाय तं मी येनार हाव. तुहा दादा धर्मेंद्र म्हणे, आई, चेन्नई म्हणजे का समुद्रपूर वाटलं का? रक्षानं सिस्टरले विचारलं. सिस्टर म्हणे, तिथंही मशीन असते, कागदपत्र पाठवले का जागा ठेवतात. रेल्वेत एक दिवस न् रात्र जाते. सोमवारी इथलं करून निघालो का गुरुवारच्या आधी पोचतो. आम्ही दोघींनी बसून वार लावून पाह्यले, बसतात.

तुह्या होस्टेलपासून जवळचा दवाखाना कोणता ते पाहून ठेवजो. तिथं मले नेताना दुसऱ्या कोनाची खोटी होऊ देजो नको. आन् परीक्षेत मले पुढच्या लायनीत बसवजो. समजनार काईच नाई, पण तुहं तोंड दिसलं पाह्यजे.

तुही आई,
मनकर्णा